सिस्टीममध्ये आहे, बिनमध्ये नाही

पत्र

सर, नमस्कार. मी पुण्यात एमबीए करतेय, पहिलं वर्ष नुकतंच संपलं. समर इंटर्नशिपसाठी चाकणजवळची एक कंपनी मिळाली. प्रेसवर पत्र्याचे पार्ट काढून, वेल्डिंग करून गाड्यांच्या कंपन्यांना देतात. प्रोजेक्टचा विषय 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंटचा अभ्यास'. आठपैकी तीन आठवडे गेले आणि मी अजून स्टोअरच्या कोपऱ्यात बसून जुन्या जीआरएनच्या (माल स्टोअरमध्ये जमा झाल्याच्या पावत्यांच्या) नोंदी एक्सेलमध्ये भरतेय. ज्यांच्याकडे मला सोपवलंय ते मटेरियल मॅनेजर कायम फोनवर. 'उद्या बोलू' हे रोजचंच. शॉपच्या जवळ लेडीज टॉयलेट नाही, दर वेळी पार ॲडमिन बिल्डिंगपर्यंत जावं लागतं. मैत्रिणी मुंबईतल्या एसी ऑफिसांतून फोटो टाकतात. बाणेरच्या एका स्टार्टअपने घरून काम आणि वर स्टायपेंड देऊ केलाय. इथे कंपनीची बस आणि कँटीनचं जेवण, बस्स. कॉलेजच्या गाइडना शंभर जणांची प्रश्नावली हवीय. त्यात परवा वेल्डिंग लाइनवर वही घेऊन उभी होते, तर एक जण म्हणाला, "मॅडम, तुमच्या या अभ्यासानंतर आमच्यातली किती माणसं कमी होणार?" मला उत्तरच सुचलं नाही. सोडून देऊ का?

– ऋ., पुणे

उत्तर

ऋ.,

सोडू नकोस. तीन आठवड्यांनी जागा बदललीस तर दोन्हीकडचं अर्धवट राहील, आणि उरलेल्या पाच आठवड्यांवर आठ आठवड्यांचा दाखला सरळ मार्गाने कोणी देणार नाही. (वाकड्या मार्गाने मिळतो, हे तुला माहीत असेलच. दाखला आणि तयार रिपोर्ट, दोन्हीची सोय कॉलेजच्या आसपासच असते. तसा रिपोर्ट घेऊन आलेल्यांच्या मुलाखती मी घेतल्या आहेत. "तुमच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घ्यायचं काम कोण करायचं?" एवढ्यावर गप्प होतात.) स्टार्टअपवाल्यांना सांग, जुलैनंतर संध्याकाळचं काही काम असेल तर कळवा. त्यांना खरोखर माणूस हवा असेल तर थांबतील.

पण हा झाला सोयीचा हिशेब. माझी नोकरी आयुष्यभर स्टोअर आणि पर्चेसमध्ये झाली, त्यामुळे तुझा कोपरा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, आणि मला तो वाईट वाटत नाही. तुझी अडचण जागेची नाही, विषयाची आहे. 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंटचा अभ्यास' या नावात काहीही मावतं, म्हणून त्यातून काहीच निघत नाही. दर वर्षी मुलं येतात, एबीसी ॲनालिसिस (रकमेप्रमाणे पार्टची वर्गवारी) करतात, ईओक्यूचं, म्हणजे एका वेळी किती मागवायचं याचं, सूत्र मांडतात, चार पाय चार्ट लावतात आणि जातात. एबीसी हे एका दुपारचं काम आहे. थोडेच पार्ट बहुतेक रक्कम अडवून बसलेले असतात, हे मॅनेजरना तुझ्या चार्टशिवायही ठाऊक असतं. ईओक्यूचं सूत्र १९१३ चं. ते चुकीचं नाही, पण तुझ्या कंपनीत किती मागवायचं हे गिऱ्हाइकाचं रोज बदलणारं शेड्यूल आणि स्टीलवाला कमीत कमी किती वजनाची कॉइल (पत्र्याची गुंडाळी) देतो, यावर ठरतं. सूत्राला तिथे कोणी विचारत नाही.

त्यापेक्षा एकच प्रश्न धर. स्टोअरमध्ये दिवसातून पन्नास वेळा ऐकू येणारं वाक्य तूही ऐकलं असशील: "सिस्टीममध्ये दाखवतंय, पण बिनमध्ये नाही." म्हणजे संगणकात नोंद आहे, पार्ट ठेवायच्या पेटीत पार्ट नाही. का नाही? पाच आठवड्यांत एवढंच शोध. हा प्रश्न कोणालाच नवा नाही. पण त्याचा पाठलाग करायला वेळ असलेला माणूस कारखान्यात नसतो, कारण फरक सापडला की तो ॲडजस्टमेंट मारून मिटवायचा आणि लाइन चालू ठेवायची, हा रिवाज. तुझ्याकडे नेमका तो वेळ आहे. तू फुकट आहेस, हाच तुझा फायदा.

सुरुवात त्या कंटाळवाण्या जीआरएनपासूनच कर. नुसत्या नोंदी भरू नकोस, दोन तारखा शेजारी शेजारी ठेव: गेटवर गाडी आत आल्याची आणि जीआरएन झाल्याची. मधलं अंतर बघ. माल शनिवारी येतो, इन्स्पेक्शनवाला नसतो, जीआरएन सोमवारी होतो. पण लाइनला माल आत्ता हवा असतो, म्हणून कोणीतरी 'अर्जंट' म्हणून एक पेटी उचलून देतो. दोन दिवस तो माल लाइनवर वापरला जातोय आणि सिस्टीमच्या मते तो अजून आलेलाच नाही. काही पार्टचा स्टॉक उणे दिसतो तो असा. तुझ्या तीन आठवड्यांच्या एक्सेलमध्ये यातलं अर्धं उत्तर आधीच पडलेलं असेल.

मग वीसेक पार्ट निवड, महागडे आणि रोज लागणारे. पहिली पाळी सुटताना, लाइन थांबलेली असताना, ते स्वतः मोज. सिस्टीमचा आकडा त्याच मिनिटाचा घे, तासाभराने काढलेला चालणार नाही. फरक आला की लगेच निष्कर्ष लिहू नकोस, त्या पार्टच्या वाटेने उलट चालत जा.

कॉइलचं उदाहरण देतो, कारण यात भले भले फसतात. समज, १.२ मिलिमीटर जाडीची, १२० मिलिमीटर रुंदीची पट्टी आहे आणि प्रत्येक ठोक्याला ती ८० मिलिमीटर पुढे सरकते. स्टीलची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरली तर एका नगाला ९०.४ ग्रॅम पत्रा लागतो. बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला काय आणि किती लागतं त्या यादीत, हाच आकडा भरलेला असतो. दोन टनांच्या कॉइलमधून सुमारे २२,१०० नग निघायला हवेत. पण मिलमधून आलेला पत्रा १.२५ मिलिमीटरचा आहे. एवढा फरक सहसा टॉलरन्समध्ये (चालवून घ्यायच्या फरकात) बसतो, त्यामुळे इन्स्पेक्शन त्याला पास करतं. आता नगाला ९४.२ ग्रॅम लागतात आणि नग निघतात सुमारे २१,२००. कॉइल संपली, पण सिस्टीमला वाटतंय की ८० किलो अजून शिल्लक आहे. जवळजवळ नऊशे नगांचा माल नुसता कागदावर. कोणी चोरला नाही, कोणी सांडला नाही, कोणाचा हिशेब चुकला नाही. माल किलोने घेतला आणि नगाने मोजला, इतकंच. प्रेसवरच्या सेटरला, म्हणजे प्रेस लावून देणाऱ्याला, हे माहीत असतं. "या मिलचा पत्रा जाड येतो" असं तो सहज बोलून जातो. पण स्टोअर आणि अकाउंट्समध्ये ते कोणी त्याला विचारलेलं नसतं. मायक्रोमीटर मागून घे, त्याच्याकडूनच जाडी मोजायला शीक आणि चार-पाच कॉइलींची नोंद कर. सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा वाया जातो, तोही वेगळा धर.

प्लेटिंगला बाहेर गेलेला माल हे आणखी एक ठिकाण. जाताना चलनावर नग असतात, प्लेटिंगवाला परत देताना वजनावर मोजून देतो, आणि चलनं अर्धवट उघडी राहतात. जॉबवर्कला (असं बाहेरून काम करून घ्यायला) पाठवलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही तर जीएसटीमध्ये तो विकल्यासारखा धरला जातो, त्यामुळे जुन्या उघड्या चलनांची यादी करून दिलीस तर अकाउंट्सवाले तुला चहा पाजतील. यावर फार वेळ घालवू नकोस, एक दिवस पुरे.

आता वेल्डिंग लाइनकडे येतो, कारण तुझा खरा पेच तिथे आहे आणि प्रोजेक्टचा गाभाही तिथेच.

बहुतेक कारखान्यांत लाइनवर लागणारा माल कोणी एकेक करून सिस्टीममध्ये वजा करत नाही. तयार असेंब्लीची नोंद झाली की बीओएमप्रमाणे सुटे पार्ट आपोआप वजा होतात. एका असेंब्लीला दोन ब्रॅकेट आणि चार वेल्ड नट, तर शंभर असेंब्लींना दोनशे आणि चारशे. गणित बरोबर आहे. पण नट इलेक्ट्रोडखाली तिरका बसला, फेकला, दुसरा घेतला, हे सिस्टीमला कोण सांगणार? ब्रॅकेट जळला, लाल बिनमध्ये (नापास मालाच्या पेटीत) गेला, तर रिजेक्शनची स्लिप भरली तरच तो वजा होणार. तू पाळीच्या सुरुवातीला लाल बिनमधले नग मोज, शेवटी मोज, आणि त्या पाळीच्या स्लिपांशी ताडून बघ. जमलं तर मला नवल वाटेल.

स्लिप का भरत नाहीत? आळस, असं सुपरवायझर सांगेल. थोडा असेलही. पण स्लिप भरली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये आकडा बोर्डावर लागतो, आकडा लागला की लाइन लीडरची हजेरी घेतली जाते आणि तो खाली येऊन पोरांवर ओरडतो. त्यातला ठेकेदाराचा माणूस असेल तर उद्या त्याला गेटवरूनच परत पाठवतील, ही धास्ती वेगळी. मग चार जळके ब्रॅकेट रिजेक्शनऐवजी थेट स्क्रॅपच्या ट्रॉलीत जातात. मधल्या मध्ये, बिनबोभाट. संध्याकाळी रिजेक्शन कमी दिसतं, सगळे खूश, आणि महिनाअखेरीला स्टोअरकीपरच्या डोक्यावर दोनशे ब्रॅकेटचा फरक. लाइनवरची भीती तुझ्या एक्सेलमध्ये शॉर्टेज होऊन उतरते.

म्हणून त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर तुला द्यावंच लागेल. त्याला टाळलंस तर त्या लाइनवर तुला फक्त कागदावरचे आकडे मिळतील, आणि ते तर तुझ्याकडे आहेतच.

त्याचा संशय जुना आहे आणि खोटा नाही. १९११ साली अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात टेलरच्या पद्धतीने मोल्डरच्या (ओतकामाचे साचे करणाऱ्याच्या) कामाला स्टॉपवॉच लावलं, तेव्हा ओतशाळेतली माणसं काम टाकून बाहेर पडली. प्रकरण त्यांच्या काँग्रेसपर्यंत गेलं आणि काही वर्षांत सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉच वापरण्यावर बंदी आली. तो टेलर तुम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात, सायंटिफिक मॅनेजमेंटचा जनक म्हणून. ओतशाळेतली माणसं क्वचितच शिकवतात. वही घेऊन लाइनशेजारी उभं राहणारं अनोळखी माणूस म्हणजे कामाचा वेळ मोजणारं माणूस, आणि त्याच्या मागोमाग माणसं कमी होतात, हे चाकणच्या पोरालाही कोणी शिकवावं लागत नाही.

त्याला खोटा धीर देऊ नकोस. "छे, छे, कोणी कमी होणार नाही" हे तुझ्या हातातलं नाही, आणि त्यालाही ते कळतं. एवढंच सांग: "दादा, माणसं ठेवायची की काढायची हे मला कोणी विचारणार नाही. मी माणसं मोजत नाही, वेळ मोजत नाही, ब्रॅकेट मोजतेय. सिस्टीममध्ये आहेत आणि इथे नाहीत, ते का, एवढंच शोधायचंय." आणि वही त्याच्या हातात दे, बघू दे. मग ते खरं करून दाखव. वहीत कोणाचं नाव नको, टोकन नंबर नको, कोणत्या पाळीत कोण होतं तेही नको. फक्त स्टेशन, पार्ट, नग, कारण. मॅनेजरनी विचारलं, "हे कोण करतं?" तर म्हणायचं, "सर, ते मी लिहिलेलंच नाही." जे लिहिलेलं नाही ते कोणी काढून घेऊ शकत नाही. हे मॅनेजरनाही आधीच सांगून ठेव, नंतर सांगितलंस तर लपवल्यासारखं दिसेल.

उभी राहताना फिक्स्चरच्या (वेल्डिंगसाठी पार्ट पकडून ठेवणाऱ्या चौकटीच्या) मागे उभी राहू नकोस, समोर किंवा बाजूला, त्यांना दिसशील अशी. लाइन चालू असताना बोलू नकोस, चहाच्या सुट्टीत बोल. प्रश्न "रिजेक्शन का होतं?" असा विचारलास तर ती चौकशी वाटते. "या नटाची कटकट काय आहे हो?" असं विचार, मग बघ. कोणता नट-फीडर अडकतो, कोणत्या सप्लायरचा ब्रॅकेट वाकडा येतो, कोणती स्लिप भरायला शॉपच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं, सगळं कळेल. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. स्लिपबुक सुपरवायझरच्या कपाटात कुलपात ठेवलेलं मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलंय.

मॅनेजर 'उद्या' म्हणतात, कारण तू त्यांच्याकडे वेळ मागतेस. कागद घेऊन जा. एक पान, पाच पार्ट, सिस्टीमचा आकडा, बिनमधला आकडा, फरक रुपयांत, आणि एका पार्टचं सापडलेलं कारण. सकाळची मीटिंग संपल्यावर, ते खुर्चीत बसायच्या आत दे. महिनाअखेर टाळ, तेव्हा ते फक्त डिस्पॅचचं ऐकतात. रुपये मात्र लिहायलाच हवेत. समज, महिन्याला साडेचार कोटींचा माल लागतो आणि स्टोअरमध्ये तीन कोटींचा पडून आहे, म्हणजे वीस दिवसांचा. गिऱ्हाईक रोज माल उचलतंय, मग वीस दिवसांचा कशाला? कारण आकड्यावर कोणाचाच भरवसा नाही. पर्चेसवाला स्वतःपुरते दोन दिवस जादा धरतो, स्टोअरवाला दोन, प्लॅनिंगवाला आणखी दोन. यातले पाच दिवस कमी झाले तर पंचाहत्तर लाख मोकळे होतात. दहा टक्के व्याज धर, वर्षाला साडेसात लाख. शिवाय ऐन वेळी शॉर्टेज निघाल्यावर सप्लायरकडे पाठवलेल्या टेम्पोंचं भाडं, ते वेगळं काढ. सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये सापडेल. आकडे अर्थात तुझ्या कंपनीचे घे, माझे नकोत.

इथे तुझं एमबीए असणं उपयोगी पडतं. जळक्या ब्रॅकेटपासून व्याजापर्यंतची रेघ सेटरला ओढता येत नाही आणि फायनान्सवाल्याला ती दिसत नाही.

गाइडशी भांडू नकोस. शंभर जणांची प्रश्नावली हा तुमच्या विषयात निव्वळ उपचार आहे, "आपण इन्व्हेंटरी सिस्टीमबद्दल समाधानी आहात का" याला सगळे "होय" म्हणणार. पण गाइडना आराखड्यात काहीतरी भरावं लागतं. त्यांना सांग की नमुना माणसांचा नाही, मोजणीचा आहे: वीस पार्ट, रोज एक मोजणी, चार आठवडे. कामाचे चोवीस दिवस धरले तर पावणेपाचशेच्या वर निरीक्षणं होतात. आकडेवारीच्या ज्या चाचण्या लावायच्या त्या यावर लाव, म्हणावं. बहुतेक गाइड ऐकतात, निदान आकडा मोठा असला की ऐकतात.

टॉयलेटचं एचआरला लेखी कळव, मेल कर. बायकांसाठी वेगळी आणि सहज पोहोचता येईल अशी सोय करणं ही कंपनीची कायदेशीर जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे. आठ आठवड्यांत बांधकाम होणार नाही हे खरं, पण शॉपजवळचं एखादं बंद पडलेलं किंवा स्टाफसाठी राखून ठेवलेलं टॉयलेट उघडून घेता येतं. पाणी कमी पिऊन दिवस काढू नकोस, मेमध्ये प्रेसशॉपमध्ये ते अंगाशी येतं. सेफ्टी शूज आणि इअरप्लग मागून घे, दिले नसतील तर तेही त्याच मेलमध्ये. लाइनवर ओढणी नको, केस बांधलेले.

फोटोंचं म्हणशील तर मुंबईच्या मैत्रिणींना टाकू दे. तुझ्या शॉपमधला एकही फोटो बाहेर जाता कामा नये. मागे बोर्डावर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग लावलेलं असतं, बाजारात न आलेल्या गाडीचा पार्टही असू शकतो, आणि त्यात तुझ्या मॅनेजरची नोकरी अडकते. रिपोर्टमध्येही गिऱ्हाइकाचं नाव, सप्लायरचे दर, खरे पार्ट नंबर नकोत. पार्ट 'अ', पार्ट 'ब' चालतं. कच्चा रिपोर्ट कॉलेजला देण्याआधी मॅनेजरना वाचायला दे, आणि ते काम जूनच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. तेव्हा तिमाही क्लोजिंग असतं, तुझ्या कागदावर सही करायलाही कोणी जाग्यावर सापडणार नाही. पंधरा तारखेच्या सुमारास दे.